भारतवारीहून परतलात आणि गाडी उठेना: हिवाळ्यात उभ्या गाडीची बॅटरी

डिसेंबरात शाळांना सुट्टी लागली की टोरोंटो, विनिपेग, कॅल्गरी, शिकागो, मिनियापोलिसकडची मराठी कुटुंबं भारतात निघतात आणि संक्रांत करून जानेवारीअखेर परततात. गाडी पाच-सहा आठवडे एका जागी, बहुधा उघड्यावर. विमानतळावरून टॅक्सीने घरी आल्यावर दुसऱ्या सकाळी कामावर जायला निघावं, तर गाडी मुकी. मग टोइंगवाला, जंप (दुसऱ्या बॅटरीची वीज घेऊन गाडी सुरू करणं), नवी बॅटरी, आणि पुढच्या जानेवारीत पुन्हा तेच. हा दोष ठरलेल्या क्रमाने तपासला तर बहुतेक वेळा वीस-तीस डॉलरच्या मल्टीमीटरवर (व्होल्ट आणि अँपिअर मोजणारं छोटं यंत्र) निकालात निघतो.

लक्षणं

बटण दाबलं की टिकटिकटिकटिक असा झरझर आवाज येतो आणि डॅशबोर्डचे दिवे त्याच तालात लुकलुकतात. बॅटरीत थोडा जीव आहे, रिले (विजेने चालणारा स्विच) ओढला जातोय, पण स्टार्टरला (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) लागणारे शे-दोनशे अँपिअर द्यायची ताकद नाही. सगळ्यात जास्त वेळा दिसतं ते हेच.

एकच जोराचा ‘टक्’, दिवे मात्र लख्ख. इथे बॅटरीला दोष देण्याची घाई नको. टर्मिनल (बॅटरीच्या खांबावरची वायरीची जोडणी) सैल असेल, अर्थची (बॉडीला जाणारी निगेटिव्ह) वायर गंजली असेल किंवा स्टार्टरच अडकला असेल.

काहीच नाही. रिमोटने दारसुद्धा उघडत नाही. बॅटरी पार तळाला गेली आहे. रिमोटच्या पोटात लोखंडी चावी असते, ती बाहेर काढा. दाराच्या हँडलवर कुलपाचं भोक दिसलं नाही तर ते प्लास्टिकच्या टोपीखाली असतं.

इंजिन जडपणे घुं-घुं करत फिरतं आणि शेवटी सुरू होतं. घड्याळ बारावर गेलेलं असतं. लोक इथे सुटकेचा निःश्वास टाकतात, पण ही बॅटरी पुढच्या कडक थंडीत दगा देणार.

जंप दिल्यावर सुरू होते, दिवसभर चालते, दुसऱ्या सकाळी परत मेलेली. याची कारणं तीन: बॅटरी चार्ज धरत नाही, अल्टरनेटर (चालू इंजिनवर वीज बनवून बॅटरी भरणारं यंत्र) भरत नाही, किंवा उभ्या गाडीत कोणीतरी करंट खातंय.

एबीएस, स्टिअरिंग, ट्रॅक्शन असे पाच-सहा इशारे एकदम पेटतात. व्होल्टेज कमी पडलं की निरनिराळे कॉम्प्युटर एकाच वेळी तक्रार करतात. आधी बॅटरी भरा. बहुतेक दिवे थोडं चालवल्यावर आपोआप जातात, त्यासाठी स्कॅनरवाल्याला पैसे देऊ नका.

आणि शेवटचं: बॅटरीचा डबा फुगलाय, बाजूला बाक आलाय, तडा दिसतोय. बॅटरी गोठली आहे. जंप लावू नका, चार्जर लावू नका. गोठलेल्या बॅटरीत करंट सोडला तर ती फुटू शकते, आणि आत ॲसिड आहे.

चार्ज जातो कुठे?

थंडीने बॅटरी उतरते असं सगळे म्हणतात. प्रत्यक्षात नुसती ठेवलेली लेड-ॲसिड बॅटरी थंडीत अधिक टिकते. आतल्या आत होणारी तिची गळती तापमान १० अंश सेल्सिअसने खाली आलं की जवळजवळ निम्मी होते. गाडीतून सोडवून ठेवलेली भरलेली बॅटरी पुण्याच्या मे महिन्यापेक्षा विनिपेगच्या जानेवारीत सुखात असते. चार्ज खाते ती गाडी.

गाडी बंद केली तरी अलार्म जागा असतो, रिमोटची वाट पाहणारा रिसीव्हर चालू असतो, मोबाइल ॲपशी बोलणारा मोडेम आणि कॉम्प्युटरच्या मेमरी थोडा थोडा करंट घेत राहतात. निरोगी गाडीत हे सगळं मिळून साधारण २० ते ५० मिलिअँपिअर. ३० धरू. दिवसाला ०.७२ अँपिअर-तास (एक अँपिअर तासभर वाहिला की एक अँपिअर-तास), ४० दिवसांत जवळपास २९. बॅटरी ६० अँपिअर-तासांची आहे, म्हणजे निम्मी उरायला हवी. पण निघताना ती भरलेली होती का? आधीचे दोन आठवडे गाडी शाळा आणि किराणा अशा दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्या मारत होती, त्यातही सीट हीटर, मागच्या काचेचा डिफॉगर आणि ब्लोअर पूर्ण जोरात. निघताना ती ८० टक्के असेल तर हातात ४८ होते. त्यातून २९ गेले, उरले १९. एक तृतीयांशसुद्धा नाही.

थंडीचं काम इथे सुरू होतं. उणे १८ अंशांना पूर्ण भरलेली बॅटरीही आपल्या ताकदीच्या साधारण ४० टक्केच देऊ शकते, आणि घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला नेहमीच्या जवळपास दुप्पट जोर लागतो. शिवाय बॅटरी उतरली की आतलं ॲसिड पातळ होत पाण्याकडे झुकतं. भरलेली बॅटरी उणे ५० पर्यंतही गोठत नाही. निम्मी उतरलेली उणे २४ च्या आसपास गोठते, पाव उरलेली उणे १५ ला, आणि पूर्ण उतरलेली उणे ७ ते १० लाच. वरच्या हिशेबातली बॅटरी प्रेअरीच्या (विनिपेग-कॅल्गरीकडच्या मैदानी प्रदेशाच्या) एका रात्रीत गोठू शकते.

म्हणून दरवर्षी नवी बॅटरी घेणं हा उपाय नाही. नवी बॅटरीही ४० दिवसांत तेवढाच करंट देऊन बसते. शिवाय बरेच दिवस १२.४ व्होल्टच्या खाली पडून राहिली की प्लेट्सवर लेड सल्फेटचे कठीण खडे बसतात आणि ते नंतर चार्जिंगने पुरते विरघळत नाहीत. असे दोन हिवाळे गेले की चांगली बॅटरीही भंगारात.

तपासणी १: नुसते डोळे

खर्च शून्य. डिकीचा दिवा, ग्लव्ह बॉक्सचा दिवा, आरशावरचे दिवे. १२ व्होल्ट सॉकेटात अडकवलेला फोन चार्जर, डॅशकॅम, इन्शुरन्स कंपनीने दिलेलं ओबीडी पोर्टातलं (डॅशबोर्डखालच्या तपासणीच्या सॉकेटातलं) यंत्र. शेवटच्या दोघांकडे खास लक्ष द्या. फ्यूज बॉक्समधून थेट वायर ओढून ‘पार्किंग मोड’वर ठेवलेला डॅशकॅम २५० मिलिअँपिअर सहज खातो. दिवसाला ६ अँपिअर-तास, म्हणजे दहा दिवसांत ६० ची बॅटरी साफ. काही डॅशकॅमना कमी व्होल्टेजला बंद होण्याची सोय असते, पण ती ११.८ वर लावलेली असेल तर उपयोग शून्य. १२.४ वर लावा, नाहीतर निघताना प्लग काढा.

किल्ल्या कुठे टांगता तेही बघा. बटणवाल्या गाडीची किल्ली गॅरेजच्या भिंतीलगत स्वयंपाकघरातल्या हुकाला असेल, तर काही गाड्या तिच्या सिग्नलमुळे पुन्हा पुन्हा जाग्या होतात आणि रात्री झोपतच नाहीत. किल्ली घराच्या दुसऱ्या टोकाला ठेवा.

तपासणी २: टर्मिनल

गाडी बंद. दोन्ही टर्मिनल हाताने पिळून बघा. जरासुद्धा हलता कामा नयेत. हललं तर बहुतेक गाड्यांना १० मिलिमीटरचा पाना लागतो, जनरल मोटर्सच्या काही गाड्यांना ८ चा. खांब शिशाचा असतो, मऊ. नट घट्ट झाला की पुरे, अंगाचं वजन टाकून आवळू नका.

पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. लावताना उलट: पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. कारण गाडीची सगळी बॉडी निगेटिव्ह असते. निगेटिव्ह जोडलेलं असताना पॉझिटिव्हचा नट फिरवणारा पाना बॉडीला टेकला, तर शॉर्टसर्किट होऊन पाना वितळण्याइतका करंट वाहतो. हातातली अंगठी, कडं काढूनच हे काम करा.

कपभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घाला, जुन्या टूथब्रशने घासा, फेस थांबला की पुसा. वर झाकणं असतील तर आत थेंब जाऊ देऊ नका, सोडा आत गेला तर ॲसिडच मरतं. वायर ब्रशने खांब आणि क्लँपची (खांबाला आवळणारी वायरची पकड) आतली बाजू चकचकीत करा, जोडा, आणि जोडून झाल्यावर वरून व्हॅसलीनचा पातळ हात द्या. भुकटीचा थर विजेला अडवतो: दिव्यांपुरते पाच अँपिअर त्यातून जातात, स्टार्टरचे दोनशे जात नाहीत. त्या ‘एकच टक् आणि दिवे लख्ख’चा उलगडा बऱ्याचदा इथेच होतो.

निगेटिव्ह वायर बॉडीला आणि इंजिनला जिथे बोल्टने बसवली आहे तिथेही हात लावा. रस्त्यावरच्या मिठाने ते टोक खाऊन टाकलेलं असतं आणि वरून काहीच दिसत नाही.

तपासणी ३: बॅटरीचं वय

वर चिकटवलेला गोल स्टिकर किंवा प्लास्टिकमध्ये कोरलेला कोड बघा. उत्तर अमेरिकेत बहुधा इंग्रजी अक्षर म्हणजे महिना (ए म्हणजे जानेवारी) आणि पुढचा आकडा म्हणजे वर्ष. पाच वर्षं उलटलेली असतील आणि ती एकदा पूर्ण उतरली असेल, तर पुढच्या तपासण्यांत वेळ घालवू नका. भरून बघा, नाही टिकली तर बदला. दोन वर्षांची असेल तर तिला दोष देण्याआधी खालचं सगळं करा, आणि वॉरंटीचा कागद शोधा.

तपासणी ४: व्होल्टेज

मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर, लाल कांडी पॉझिटिव्ह खांबावर, काळी निगेटिव्हवर. कांडी क्लँपवर नको, खांबावर टेकवा. गाडी नुकतीच चालवलेली किंवा चार्ज केलेली असेल तर वरवरचा चार्ज खोटा आकडा दाखवतो, म्हणून चार तास थांबा, किंवा हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा आणि मग मोजा.

साध्या, पातळ ॲसिडच्या बॅटरीत १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव, ११.८ म्हणजे संपली. स्टार्ट-स्टॉपच्या (सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या) गाड्यांत येणाऱ्या एजीएम बॅटरीचे (जिच्यात ॲसिड काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेलं असतं) आकडे थोडे वर असतात: भरलेली १२.८ ते १२.९. एजीएममध्ये १२.४ आलं तर ‘पाऊण आहे, चालेल’ म्हणू नका, ती त्याहून बरीच खाली आहे.

१० ते १०.५ च्या आसपास अडून बसली आणि चार्ज करूनही वर जात नसेल, तर सहापैकी एक सेल मेला आहे. प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्टचा, गणित तिथेच जुळतं. यावर इलाज नाही.

तपासणी ५: पूर्ण चार्ज करून थांबणं

जंप देऊन अर्धा तास फिरवली म्हणजे बॅटरी भरली, हा समज सगळ्यात महागात पडतो. अल्टरनेटर हे भरलेल्या बॅटरीची तूट भरून काढणारं यंत्र आहे, मेलेल्या बॅटरीला उठवणारं नाही. त्यातून गोठणबिंदूखाली गारठलेली बॅटरी करंट सावकाश घेते, कितीही द्या.

भिंतीवरचा चार्जर लावा. ४ अँपिअरचा चार्जर ३० अँपिअर-तासांची तूट भरायला साधारण दहा-बारा तास घेतो, कारण शेवटचा पाचवा हिस्सा हळूहळू भरतो. १ अँपिअरचा मेंटेनर (बॅटरी भरून भरलेलीच ठेवणारा छोटा चार्जर) त्याच कामाला दीड दिवस घेईल. आधी क्लँप बॅटरीला, मग प्लग भिंतीत. काढताना आधी प्लग. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, ठिणगी खांबाजवळ पडू नये म्हणून हा क्रम. गॅरेजचं दार थोडं उघडं ठेवा.

चार्जरवर बॅटरीचा प्रकार निवडा. एजीएमला साध्यापेक्षा जरा वरचं व्होल्टेज लागतं. लिथियमचा मोड चुकूनही नको. ‘रिपेअर’ किंवा ‘रीकंडिशन’ मोड १६ व्होल्टच्या जवळ जातो, तो बॅटरी गाडीतून सोडवल्याशिवाय वापरायचा नाही, कॉम्प्युटर जळतात. आणि हुशार चार्जर अगदी मेलेली बॅटरी ओळखत नाहीत, ‘बॅटरी जोडलेली नाही’ असा दिवा लावतात. तो चार्जरचा दोष नव्हे. ‘फोर्स’ मोड असेल तर तो वापरा, नसेल तर बॅटरी दुकानात न्या.

भरल्यावर चार्जर काढा, बारा तास थांबा, मोजा. १२.६ च्या वर राहिली तर बॅटरी वाचली. १२.४ च्या खाली घसरली तर ती चार्ज धरत नाही. मधे असेल तर दुकानात लोड टेस्ट (जोर टाकून बॅटरी किती टिकते ते बघणं) करून घ्या. अमेरिकेत ऑटोझोन, ॲडव्हान्स, ओरायली ही सुट्या भागांची दुकानं ती फुकट करतात. मात्र बॅटरी भरून न्या, उतरलेल्या बॅटरीची टेस्ट म्हणजे नवीन बॅटरी विकत घेण्याचं आमंत्रण.

घरीही अंदाज घेता येतो. कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा आणि मल्टीमीटर बघा. साधारण उबदार गॅरेजमध्ये इंजिन फिरताना ९.६ च्या खाली जाता कामा नये. कडाक्याच्या थंडीत त्याहून व्होल्टभर खाली गेलं तरी चालतं.

तपासणी ६: अल्टरनेटर

इंजिन चालू, त्याच दोन खांबांवर मोजा. १३.८ ते १४.७ ठीक, थंडीत थोडं वर. १३ च्या खाली असेल तर हेडलाइट आणि ब्लोअर लावून परत बघा. अलीकडच्या गाड्यांत कॉम्प्युटर इंधन वाचवायला मुद्दाम व्होल्टेज खाली आणतो, लोड दिला की ते वर उडी मारतं. उडी मारली नाही, १२.५ वरून खालीच सरकत गेलं, तर पट्टा सैल आहे किंवा अल्टरनेटर गेला. १५ च्या वर स्थिर राहत असेल तर रेग्युलेटर (व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग) बिघडलाय. अशी गाडी चालवू नका, बॅटरी उकळते.

तपासणी ७: करंट कोण खातंय

यात एक संध्याकाळ जाते. पण बॅटरी चांगली, अल्टरनेटर चांगला आणि तरी गाडी आठवड्यात उतरत असेल, तर दुसरा मार्ग नाही.

आधी दारं. दार उघडं असलं की गाडी जागी राहते, म्हणून दार उघडं ठेवून त्याच्या लॅचमध्ये स्क्रूड्रायव्हर सरकवून ते ‘बंद’ करायचं. बॉनेटच्या लॅचचंही तसंच. फ्यूज बॉक्सचं झाकण आधीच काढून ठेवा. किल्ली दूर न्या.

मल्टीमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला. निगेटिव्ह क्लँप काढा आणि मीटर खांब व क्लँपच्या मधे जोडा, म्हणजे सगळा करंट मीटरमधून जाईल. आता गाडीला हात लावू नका. सुरुवातीला दोन-चार अँपिअर दिसतील, घाबरू नका, कॉम्प्युटर जागे झालेत. ते एकेक करून झोपतात, २० मिनिटांपासून तासापर्यंत. शेवटी आकडा ०.०५ अँपिअरच्या खाली स्थिरावला तर गाडी निर्दोष आहे, तुमचा प्रश्न फक्त दिवसांचा आहे. ०.३, ०.५ वर अडकला असेल तर चोर आहे.

मीटर असा जोडलेला असताना स्टार्टर मारायचा नाही, दिवे लावायचे नाहीत. १० अँपिअरचा फ्यूज उडतो, स्वस्त मीटर जळतो.

चोर शोधायला फ्यूज उपटत बसू नका. उपटून परत बसवला की झोपलेला कॉम्प्युटर जागा होतो आणि पुन्हा तासभर थांबा. त्याऐवजी दुसरा मीटर मिलिव्होल्टवर ठेवा आणि प्रत्येक फ्यूजच्या माथ्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर कांड्या टेकवा. शून्य म्हणजे त्या फ्यूजमधून करंट जात नाही. थोडा जरी आकडा आला तर तिथून वाहतोय. फ्यूजच्या अँपिअरनुसार मिलिव्होल्टवरून करंट सांगणारे तक्ते सहज मिळतात. सापडलेल्या फ्यूजवर काय काय आहे ते मालकाच्या पुस्तिकेत असतं. बाहेरून बसवलेले रिमोट स्टार्टर, ॲम्प्लिफायर आणि ट्रेलरच्या वायरी हे नेहमीचे संशयित. कुठल्याच फ्यूजवर काही सापडलं नाही, तरी एकूण आकडा मोठाच, तर अल्टरनेटरचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळत असू शकतो, कारण त्याची जाड वायर या छोट्या फ्यूजांमधून जात नाही. इथे घरचं काम संपलं.

निघण्यापूर्वी

गाडी निरोगी ठरली, तर पुढच्या डिसेंबरात काय करायचं हे प्लग जवळ आहे का यावर ठरतं.

प्लग असेल तर मेंटेनर. सीटेक, नोको, बॅटरी टेंडर, कॅनेडियन टायर दुकानाचा मोटोमास्टर, कोणताही चालेल. १ ते १.५ अँपिअरचा पुरे. भरून झाल्यावर १३.२ ते १३.६ वर उतरून थांबणारा हवा. जुन्या पद्धतीचा, न थांबता करंट ढकलत राहणारा ट्रिकल चार्जर दोन महिने लावून गेलात तर परत येईपर्यंत पाणी उडालेलं असेल. थंड जागेत तापमानानुसार व्होल्टेज वाढवणारा मिळाला तर उत्तम, कारण गार बॅटरीला भरायला जास्त व्होल्टेज लागतं. सोबत मिळणारी गोल कड्यांची वायर कायमची टर्मिनलला बसवा. पण निगेटिव्ह खांबावर छोटी प्लास्टिकची डबी (बॅटरी सेन्सर) दिसली, तर काळी वायर खांबाला न जोडता बॉडीच्या अर्थ बोल्टला जोडा. सेन्सरला वळसा घालून करंट गेला की कॉम्प्युटरचा हिशेब चुकतो.

बाहेरच्या वापराची एक्स्टेंशन वायर घ्या, जोड बर्फात पडू देऊ नका. सॉकेट जीएफसीआयचं (गळती झाली की स्वतःहून वीज तोडणारं) असेल तर ओल लागून ते ट्रिप होतं, आणि तुम्ही पुण्यात मजेत असताना इथे चार्जिंग थांबलेलं असतं. प्रेअरीत पार्किंगच्या खांबावर ब्लॉक हीटरसाठी प्लग असतात, पण काही ठिकाणी ते वीज वाचवायला चालू-बंद होत राहतात. अशा जागी वीज परत आली की आपोआप सुरू होणारा मेंटेनर हवा, बटण दाबावं लागणारा नको. ब्लॉक हीटर इंजिन गरम करतो, बॅटरी भरत नाही. हा गोंधळ बऱ्याच घरांत असतो.

प्लग नसेल, म्हणजे काँडोचं पार्किंग किंवा रस्ता, तर सरळ निगेटिव्ह सोडा. त्याआधी प्लग मिळेल अशा ठिकाणी चार्जर लावून भरा, गाडी बंद करून पंधरा मिनिटं थांबा, १० चा पाना लावा, क्लँप काढून फडक्यात गुंडाळा, म्हणजे परत खांबाला टेकणार नाही. खर्च शून्य, आणि दोन महिन्यांनीही चांगली बॅटरी इंजिन फिरवते. परत जोडताना बारीक ठिणगी उडते, ती चालते. घड्याळ, रेडिओचे स्टेशन जातात. काचा एका दाबात वर जाईनात तर काच पूर्ण वर नेऊन बटण पाचेक सेकंद धरून ठेवा. जुन्या होंडा गाड्या रेडिओचा कोड मागतात, तो आधी शोधून ठेवा. ज्या राज्यांत धुराची तपासणी होते तिथे बॅटरी सोडल्यावर लगेच गाडी नेऊ नका, कॉम्प्युटरच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण व्हायला काही दिवसांचं चालवणं लागतं. आणि बॅटरी डिकीत असेल, डिकी फक्त विजेने उघडत असेल, तर सोडण्याआधी आत शिरायची वाट कोणती ते बघा.

बॅटरी घरात आणून ठेवली तरी चालते, १५ ते २० किलो वजन असतं, उभीच उचला. सिमेंटच्या फरशीवर ठेवली की उतरते ही जुन्या रबरी डब्यांच्या काळातली गोष्ट, आजच्या प्लास्टिकला फरक पडत नाही.

शेजाऱ्याला ‘आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालू करा’ सांगून जाणं मात्र सोडा. आठवड्यात गाडीने ५ अँपिअर-तास खाल्लेले असतात. ते दहा मिनिटांत परत भरायला ३० अँपिअर लागतील, आणि गारठलेली बॅटरी जागेवर घुरघुरणाऱ्या इंजिनकडून तेवढे घेत नाही. वर सायलेन्सरमध्ये पाणी साचतं, पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. चालवायचीच असेल तर दोन आठवड्यांतून एकदा हायवेवर पाऊण तास, सीट हीटर बंद ठेवून.

काचेमागे ठेवायचं ५ वॉटचं सोलर पॅनेल डिसेंबरच्या टोरोंटोत गाडीच्या भुकेला पुरत नाही, आणि काचेवर बर्फ पडला की शून्य. शिवाय बऱ्याच गाड्यांचं १२ व्होल्ट सॉकेट गाडी बंद झाली की तुटतं, मग ऊन असूनही काही जात नाही.

हायब्रिडमध्येही छोटी १२ व्होल्ट बॅटरी असते आणि ती लवकर उतरते, वरचं सगळं तिला लागू. इलेक्ट्रिक गाडी प्लगला लावून जा आणि कॅमेऱ्यांचा पहारा बंद करा.

जंप द्यायचीच असेल तर

आधी डबा बघा, फुगलेला नाही ना. लाल क्लँप मेलेल्या पॉझिटिव्हला, दुसरा लाल चांगल्या पॉझिटिव्हला, काळा चांगल्या निगेटिव्हला, आणि शेवटचा काळा मेलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. पाच-दहा मिनिटं चांगली गाडी चालू ठेवा, मग प्रयत्न करा. हायब्रिडने दुसऱ्या गाडीला जंप देऊ नका. लिथियमचा जंप पॅक गाडीत ठेवून भारतात जाऊ नका, तोही गारठून निकामी होतो. तो घरात ठेवायचा.

इथे थांबा, माणूस बोलवा

गोठलेली किंवा फुगलेली बॅटरी. सडक्या अंड्याचा वास, म्हणजे बॅटरी उकळते आहे: हात न लावता दूर व्हा, हवा येऊ द्या. जंपच्या वायरी किंवा टर्मिनल हाताला चटका देताहेत. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतली नारिंगी वायर, तिला कधीच हात नाही. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरपाशी जावं लागतंय. करंट ०.०५ च्या वर आहे आणि कोणत्याच फ्यूजवर सापडत नाही. बीएमडब्ल्यू, ऑडीसारख्या गाडीत नवी बॅटरी बसवायची आहे: ती कॉम्प्युटरला नोंदवावी लागते, नाहीतर अल्टरनेटर जुन्या, थकलेल्या बॅटरीसारखाच तिला चार्ज करत राहतो.

कॅनडात सीएए आणि अमेरिकेत एएए या वाहनचालकांच्या संघटनांचे सभासद असाल तर रस्त्यावरची मदत तिथून मिळते, अनेक भागांत ते दाराशी बॅटरी तपासून बदलूनही देतात. जुनी बॅटरी परत दिली की नवीन घेताना लावलेली कोअर डिपॉझिटची रक्कम मिळते, ती सोडू नका. करंट-चोरीसाठी गॅरेजमध्ये गेलात तर ‘बॅटरी उतरते’ एवढंच सांगू नका. विश्रांतीचं (गाडी बंद ठेवून मोजलेलं) व्होल्टेज, इंजिन चालू असतानाचं व्होल्टेज आणि झोपल्यानंतरचे मिलिअँपिअर, तिन्ही आकडे कागदावर द्या. तिथे काम तासाच्या दराने चालतं, आणि यातला पहिला तास तुम्ही घरीच करून आलेले असता.